रिकाम्या ट्रॉलीची वाट

"बल्ब दोनदा बदलला, बॅटरी नवी टाकली, तरी उजेड पडंना."

इंदापुरात सोलापूर रस्त्याच्या कडेला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दिवस कलताना, हे वाक्य कानावर आलं. बोलणारा पिकअपचा ड्रायव्हर होता. गाडी बोलेरो पिकअप. बारामती-इंदापूरकडे नुसतं 'पिकअप' म्हटलं की डोळ्यांपुढे येते तीच. पुढच्या बंपरवर त्यानं दोन हॅलोजन बसवून घेतले होते, टपावर एलईडीची पट्टी आणि हौद्यात माल चढवताना लागणारा एक दिवा. यातलं कंपनीनं दिलेलं काहीच नव्हतं. हॅलोजन पेटत होते, पण जुन्या कंदिलासारखे पिवळे.

मिस्त्रीनं बल्बकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन आणि दिवे चालू ठेवायला सांगितले, बंपरखाली हात घातला, एका बोल्टला बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं. "दादा, तुमचा उजेड हितं जळतोय."

हे प्रकरण त्या बोल्टचं आहे. बाकीचे दिवे, रिले, फ्यूज त्याच्याच निमित्तानं येतील.

जादा दिवे म्हणजे नुसती हौस, असं शहरातल्या माणसाला वाटतं. काही जण हौसेनंच लावतात, ते नाकारत नाही. पण उसाच्या हंगामात बारामतीहून इंदापूरकडे रात्री एकदा गाडी चालवून बघावी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे कारखाने जवळजवळ, आणि प्रत्येकाकडे रात्रभर ओढ. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागं ऊस इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा असलाच तरी झाकला जातो. बैलगाडीला तर दिवा नसतोच. असला तर रिफ्लेक्टरचा तुकडा. त्यात उजनीचं पाणी भिगवण-पळसदेवपर्यंत पसरलेलं. थंडीत पहाटे त्यावरून उठलेलं धुकं रस्त्यावर येऊन बसतं, आणि मासळी, दूध, डाळिंब घेऊन निघालेल्या पिकअपला नेमकं तेव्हाच बाजार गाठायचा असतो. गाडीचे मूळ दिवे तिथं तोकडे वाटतात, ही काही ड्रायव्हरची तक्रारखोरी नव्हे.

आता तो बोल्ट.

हंगाम भरात असताना कारखान्याच्या आवारात काय चालतं ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेली ट्रॉली वजनकाट्यावरून गव्हाणीकडे जाते, रिकामी होते, पुन्हा काटा करून बाहेर पडते. समजा, बाहेर पडायच्या फाटकाशीच एक रिकामी ट्रॉली पंक्चर होऊन आडवी झाली. मग आत रिकाम्या ट्रॉल्या तुंबतात आणि त्यांच्यामागं भरलेल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. गव्हाणीपाशी उभा असलेला माणूस मात्र म्हणतो, "आज ऊसच येईना." ऊस भरपूर आहे. अडलंय ते परतीच्या वाटेवर.

गाडीतली वीज अशीच खेपा घालते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघाली, फ्यूज, रिले, वायर करत दिव्यात आली, तिथं तिचं काम झालं. तिथून तिला निगेटिव्ह टर्मिनलवर परत जायचं असतं. या परतीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर ओढणं खर्चिक, म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच परतीचा रस्ता केलेला आहे. दिव्याची काळी वायर जवळच्या चॅसीला बोल्टनं आवळायची. बॅटरीचं निगेटिव्हही चॅसीला जोडलेलं असतंच. मिस्त्री लोक याला 'अर्थ' म्हणतात. खरं तर पिकअप चार रबरी टायरांवर उभी असते, जमिनीशी तिचा विजेचा संबंध नाही. शब्द घरगुती वायरिंगमधून उचललेला. पण मराठीत त्याला एक फायदा आहे: अर्थ सुटला की बाकी सगळं निरर्थक, हे मुद्दाम समजावून सांगावं लागत नाही.

या गाडीत हॅलोजन बसवणाऱ्यानं दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र पिळून बंपरच्या ब्रॅकेटला एका बोल्टखाली दाबल्या होत्या. ब्रॅकेट रंगवलेला. रंग वीज वाहून नेत नाही. बोल्टच्या आट्यांनी जिथं रंग खरवडला गेला तेवढ्या बारीक जागेतून दोन दिव्यांची सगळी वीज परतत होती. पहिले काही महिने चाललं. मग तिथं गंज चढला.

मिस्त्रीनं मल्टिमीटर काढला, डीसी २० व्होल्टवर ठेवला. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक दिव्याच्या काळ्या वायरीवर, म्हणजे दोन्हीकडे निगेटिव्हच. नवख्याला ही मोजणी चुकीची वाटेल, कारण तिथं शून्य यायला हवं. तीच तर गंमत. चांगल्या जोडात दिवे पेटलेले असताना इथं फार तर ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसतात. मीटरवर आले २.४.

या २.४ चा हिशेब करू. ५५ वॅटचा एक हॅलोजन १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो; या दोन मंदावलेल्या दिव्यांचे मिळून पावणेनऊच्या आसपास. २.४ ला पावणेनऊनं गुणलं की २१ वॅट. म्हणजे एका लहान बल्बएवढी शक्ती त्या बोल्टखाली नुसती उष्णता होऊन जात होती. बोट भाजलं ते त्यानंच. आता दिव्याकडची बाजू: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. येतानाच्या वायरीत ०.४ गेले, परतीत २.४ गेले, दिव्याच्या वाट्याला ११ उरले. व्होल्ट पाचव्या हिश्श्याच्या आसपास कमी झाले, तर उजेडही तेवढाच कमी व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. तारेच्या बल्बचा स्वभाव तसा नाही. तार जरा थंड झाली की तिचा उजेड फार वेगानं घटतो. व्होल्टच्या साधारण साडेतीनाव्या घातानं. १३.४ च्या जागी ११ मिळाले की उजेड निम्म्यावर येतो आणि पिवळाही पडतो. नव्या बॅटरीचे पैसे वाया गेले होते.

इथं एक सापळा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोकही पडतात. मल्टिमीटरवर 'बीप' वाजवून जोड तपासायची सवय. एक टोक काळ्या वायरीला, एक चॅसीला, बीप वाजला, "अर्थ बरोबर आहे." बीप वाजवायला मीटर अगदी किरकोळ वीज सोडतो, आणि बहुतेक मीटर जोडाचा अडथळा काही ओहमपर्यंत असला तरी बिनदिक्कत वाजतात. आपल्या बोल्टचा अडथळा होता पाव ओहमच्या जरा वर. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शाबूत राहिली तरी बीप वाजेल. पायवाटेवरून माणूस चालत गेला, याचा अर्थ तिथून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जाईल असा होत नाही. म्हणून दिवे पेटलेले ठेवूनच मोजायचं. ओझं असतानाच रस्त्याची पारख होते.

बोल्ट सोडला तेव्हा वॉशरखाली हिरवट-पांढरी पूड निघाली. हिरवं ते तांब्याचं. पांढरं कुठून आलं याला या भागात एक खास उत्तर असू शकतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं आलं, ऊस आला, आणि निचऱ्याविना पाणी मुरत गेलेल्या जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या खोऱ्यातल्या खारट जमिनींचा अभ्यास केला होता. अशा रानातला चिखल बंपरखाली बसतो, वाळतो, पुन्हा भिजतो. शिवाय पिकअपच्या हौद्यात आज डाळिंबाचे क्रेट, तर उद्या खताची पोती. पोटॅश म्हणून मिळणारं खत पोटॅशियम क्लोराइड असतं, मिठाचंच भावंड. पोतं फाटून सांडलेली चिमूट ओलाव्यात विरघळली की लोखंड आणि तांबं यांच्या जोडाला ती खाऊ लागते. हौद्यातल्या दिव्याचा अर्थ सगळ्यांत आधी जातो तो यामुळे.

दुरुस्ती दहा मिनिटांची. रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं केलं, वायरीच्या टोकाला गोल लग दाबून बसवला, दातेरी वॉशर टाकून आवळलं, वर ग्रीसचा हात फिरवला. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. खरं चांगलं काम म्हणजे या दिव्यांसाठी बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड काळी वायरच ओढणं, पण त्याला ग्राहक सहसा तयार नसतो. वायर पिळून टेप गुंडाळण्याबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात. अशा कुठल्याही वाहन कारखान्यात वायरीचं टोक यंत्रानं दाबूनच बसवतात. पिळलेला जोड खडखडत्या रस्त्यावर सैल होतो आणि टेप उन्हानं सुटते, एवढं साधं कारण.

मीटरवर ०.१ आलं. दिवे पांढरे झाले. ड्रायव्हर हसला, आणि त्याच दमात म्हणाला, "आता मागचं बघा. ब्रेक मारला की हौद्यातला दिवा लागतोय."

भुताटकी वाटावी असा हा प्रकार, पण कारण तेच. मागच्या दिव्यांच्या गुच्छाचा अर्थ तुटलेला होता. ब्रेकची वीज दिव्यात आली, तिला घरी जायला रस्ता मिळेना. मग ती शेजारच्या दिव्यात उलटी शिरून, हौद्यातल्या दिव्याच्या वायरीतून फिरून त्याच्या अर्थापर्यंत पोचली. रात्री दारं धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या सरीत पाणी तुंबलं की ते बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं आणि सकाळी भांडण होतं. एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो, इंडिकेटर दिला की मागचे दोन्ही लुकलुकतात, असं काही दिसलं तर वायरिंगचा नकाशा शोधत बसू नये. त्या बाजूचा अर्थ आधी पाहावा.

दिवा मुळीच पेटत नसेल तेव्हा गोष्ट वेगळी, आणि तिथं कान उपयोगी पडतो. खटका दाबल्यावर बोनेटखाली 'टक्' वाजलं का? तो आवाज रिलेचा. काडेपेटीपेक्षाही लहान असलेल्या या डबीत तारेचं वेटोळं असतं. वेटोळ्यातून थोडी वीज गेली की ते लोहचुंबक होतं, आतली पट्टी ओढतं आणि दिव्याकडची मोठी वाट खुली होते. वेटोळ्याला दीडएकशे मिलिअँपिअर पुरतात. पट्टीवरून नऊ-दहा अँपिअर सहज जातात. रिले न लावता ही नऊ अँपिअर डॅशबोर्डच्या स्वस्त खटक्यातून नेली की काही दिवसांत खटका मऊ पडतो, मग वितळतो. रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि जगभर बहुतेक तेच चालतात: ३० म्हणजे बॅटरीकडून, ८७ दिव्याकडे, ८५ आणि ८६ वेटोळ्याची दोन टोकं. 'टक्' वाजत नसेल तर खटका आणि वेटोळ्याची बाजू तपासायची. पुन्हा ८५ चा अर्थ विसरायचा नाही. 'टक्' वाजतं पण उजेड नाही, तर ३० पासून दिव्यापर्यंतची वाट. पैसे न खर्चता करायची परीक्षा म्हणजे पायांची रचना तीच असेल तर हॉर्नचा रिले काढून इथं लावून बघणं.

फ्यूजबद्दल एकच गैरसमज दूर करायचा आहे, पण तो जीवघेणा आहे. फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आत. दिव्याजवळ फ्यूज लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर; ती कुठं घासून चॅसीला टेकली तर बॅटरी आपली सगळी ताकद तिथं ओतते. दोन ५५ वॅटच्या दिव्यांना १५ अँपिअरचा निळा फ्यूज पुरतो. तो वारंवार जातोय म्हणून ३० चा हिरवा टाकणारे भेटतात, आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणारेही. त्याच गाडीत परवा कडबा असतो, तेरवा पाचट. ठिणगीला आणखी काय लागतं?

वारंवार फ्यूज उडतो तिथं जुन्या मिस्त्रींची एक युक्ती मल्टिमीटरपेक्षा सरस आहे. आधी जादा दिव्यांचे जोड सोडायचे. मग फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांना हेडलाईटचा जुना बल्ब जोडायचा आणि खटका दाबायचा. वायर कुठं तरी चॅसीला टेकली असेल तर हा बल्ब भक्क पेटतो. तोच सगळा अडथळा झाल्यामुळे वायर मात्र जळत नाही. आता वायरिंग हातानं हलवत, दाबत पुढं जायचं. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब विझला, तिथं दुखणं. या भागात ते बरेचदा बोनेटच्या बिजागरीपाशी सापडतं, नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या टोकाशी. उसाच्या फडाकडेला रात्री उभ्या केलेल्या गाडीचं गरम इंजिन उंदराला आवडतं.

टपावरच्या एलईडी पट्टीचा स्वभाव हॅलोजनच्या उलटा. तिच्या आत वीज नियंत्रित करणारं सर्किट असतं, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. व्होल्ट कमी पडले की चांगलं सर्किट जास्त अँपिअर ओढून उजेड कायम राखतं. त्यामुळे खराब अर्थ महिनोन्‌महिने लपतो आणि एके रात्री पट्टी एकदम लुकलुकायला लागते. हॅलोजन आजार आधी सांगतो, एलईडी अंथरुणाला खिळल्यावर. पट्टी लावली की रेडिओ खरखरतो, ही तक्रारही खरी. स्वस्त सर्किट वेगानं चालू-बंद होत असतं, त्याचा तो गोंगाट. आणि आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, निमगाव केतकी करत चाललेल्या दिंडीच्या पिकअपला सकाळी ढकलावं लागतं त्याचं गणितही इथंच: ४० वॅटची पट्टी रात्री आठ तास जळली तर २७ अँपिअर-तास गेले. बॅटरी जुनी असेल तर स्टार्टर फिरवायला उरतं काय?

धुक्यात हीच पट्टी घात करते. पिवळा उजेड धुकं कापतो असं सर्रास म्हणतात; फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाईट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळ्या रंगांना सारखेच विखुरतात. खरं काम करते ती दिव्याची जागा. दिवा खाली, बंपरवर, आणि झोत रुंद व वरून सपाट कापलेला असेल तर उजेड धुक्याखालून रस्त्यावर जातो. टपावरून सोडलेला उजेड डोळ्यासमोरच्याच धुक्याला उजळतो आणि पळसदेवपाशी काचेपुढं पांढरी भिंत उभी राहते.

समोरून येणाऱ्याचं काय, हा प्रश्न ड्रायव्हर स्वतःहून विचारत नाहीत. कायदा विचारतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६वा नियम आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत असं सांगतो, आणि १११वा नियम पुढच्या बाजूला सर्चलाईट लावायला परवानगीशिवाय मनाई करतो. टपावरची पट्टी रस्त्यावर पेटवणं या दोन्हींत बसत नाही. शेतात, माल भरताना लावावी; मिस्त्री तिला वेगळा खटका देतो तो त्यासाठीच.

पण बंपरवरचे दिवेही गुन्हेगार होऊ शकतात, आणि तेही रिकाम्या गाडीवर अगदी नीट बसवून. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण तीन मीटर. हौद्यात दीड टन माल पडल्यावर मागचे पाटे समजा पाच सेंटिमीटर दबले. तेवढ्यानं नाक वर होतं आणि २५ मीटरवर झोत ४० सेंटिमीटरनं उचलला जातो. रिकामी असताना रस्ता पाहणारा दिवा भरल्यावर समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो.

म्हणून त्या संध्याकाळी मिस्त्रीनं दिव्यांचे ब्रॅकेट आवळलेच नाहीत. "उद्या माल भरून या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी खताची पोती घेऊन आली. शेडसमोर गोदामाची भिंत आहे. भिंतीपासून २५ फुटांवर सपाट जागी गाडी उभी केली, दिव्याची उंची मोजली, दोन फूट. भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची एक रेघ, तिच्याखाली सहा इंचांवर दुसरी. झोताची वरची कड खालच्या रेघेवर आणून बोल्ट आवळले. असा उजेड शंभर फुटांवर जमिनीला टेकतो. ड्रायव्हरला ते कमी वाटलं. त्यानं दोनदा विचारलं. मिस्त्रीनं त्याला भिंतीपाशी नेऊन गाडीकडे तोंड करून उभं केलं आणि दिवे लावले.